कथासंग्रह अर्धे राहतात, आठवत नाहीत आणि त्यावर लिहिताही येत नाही, काय करू?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. कादंबरी तुमची चार-पाच दिवसांत संपते. कथासंग्रह मात्र तिसऱ्या-चौथ्या कथेनंतर अडकतो, कुठली सासू कुठल्या कथेतली तेच आठवत नाही, आणि कसाबसा संपवलाच तर त्याबद्दल चार शब्द लिहायला बसल्यावर एकेका कथेचं कथानक सांगण्यापलीकडे काही सुचत नाही. वाचन होतं ते पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये. सध्या जी. ए. कुलकर्णींचं 'सांजशकुन' अर्धं पडलंय. नवे संग्रह कुठले वाचावेत हेही विचारलंय, आणि शेवटी, माझीच समज कमी पडते का.

समजेचा काही संबंध नाही हो. मी आमच्या गावच्या वाचनालयात गेली बरीच वर्षं वाचनकट्टा चालवते, कथासंग्रहांवर थोडंफार लिहितेही, आणि देवघेवीच्या काउंटरवर ही तक्रार इतक्यांदा ऐकलीये की कोणी संग्रह परत करताना चेहरा पाडून उभं राहिलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. त्यातले बरेचजण उत्तम वाचक असतात, जाडजूड कादंबऱ्या पचवलेले. खरं तर त्यांनाच हा त्रास जास्त होतो.

कारण तुम्ही संग्रह वाचताय कादंबरीच्या सवयीने. कादंबरीत पहिली चाळीस-पन्नास पानं कष्टाची असतात, माणसं कोण, गाव कुठलं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, आणि एकदा ते बसलं की पुढचं वाचन आपोआप ओढत नेतं. कथेत दर दहा-पंधरा पानांनी हे कष्ट नव्याने करायचे. नवं घर, नवी नावं, नवं दुखणं. एका संध्याकाळी पाच घरची हळदीकुंकवं उरकली की तिसऱ्या घरानंतर कुणाकडे कैरीची डाळ होती आणि कुणाकडे पन्हं हे आठवत नाही ना, तसंच आहे हे, त्यात कुणाच्या पाहुणचाराला नावं ठेवायचं कारण नाही.

आणि हेही लक्षात घ्या की मराठीतल्या बहुतेक कथा पुस्तकासाठी लिहिल्याच जात नाहीत. त्या आधी मासिकात येतात, दिवाळी अंकात येतात. दिवाळी अंकाची सुरुवात 'मनोरंजन'ने 1909 साली केली तेव्हापासून आजतागायत कथेचं पहिलं घर बऱ्याच अंशी तेच आहे. नवकथेचा काळ घ्या, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर. त्या वेळच्या वाचकाला 'सत्यकथा' मासिकाच्या अंकात यांच्यापैकी एखाद्याची एक कथा मिळायची, आजूबाजूला कविता, लेख, दुसऱ्या कुणाची तरी वेगळ्या धाटणीची कथा, आणि त्याच लेखकाची पुढची कथा यायला मधे कितीतरी महिने जायचे. संग्रह नंतर निघाला. म्हणजे आठ-दहा वर्षांत सुट्या सुट्या लिहिलेल्या गोष्टी आपण एका आठवड्यात सलग वाचतो आणि मग म्हणतो सगळ्या सारख्याच वाटतात. पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी कधीकधी कुठली कथा कुठल्या अंकात कधी आली ते दिलेलं असतं, ते पान वाचायची सवय लावा, बराच उलगडा होतो. दुसरी आणि नववी कथा एकाच वर्षातल्या निघतात आणि मग त्या दोघींत तीच एक बाई का डोकावतेय ते कळतं.

आता, किती अंतर ठेवून वाचायचं हे लेखकावर अवलंबून आहे. सगळ्यांना एकच नियम लावला तर फसाल.

तुम्ही जीएंपासून सुरुवात केलीत म्हणून तिथूनच घेते. 'सांजशकुन' आणि 'रमलखुणा' दोन्ही 1975 ची पुस्तकं, आणि जीएंकडे जायला याच्याहून अवघड दरवाजा नाही. 'सांजशकुन'मधल्या कथा छोट्या, दृष्टांतासारख्या आहेत, त्यात ओळखीचं गाव नाही, आडनाव नाही, नातेवाईक नाहीत, म्हणजे वाचकाला धरायला काही नाही. 'रमलखुणा'त तर 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच लांब कथा. ज्याला जीए ठाऊक आहेत त्याला यात मजा येते, नव्या माणसाला वाटतं आपण परक्या देशात येऊन पडलो. त्यामानाने 'निळासावळा' (1959), 'पारवा', 'हिरवे रावे' इथे घरं आहेत, परकर-पोलक्यातल्या मुली आहेत, धारवाड-बेळगावकडची बोळं आहेत, कर्ज आहे, दुखणं आहे. 'काजळमाया' आणि 'पिंगळावेळ' या दोहोंच्या मधे उभी आहेत. 'पिंगळावेळ'मधे एकीकडे मावशीच्या घरातली, लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेली 'कैरी' आणि त्याच पुस्तकात ग्रीक पुराणकथेवरची 'ऑर्फियस'. एकाच माणसाने या दोन्ही लिहिल्या हे सलग वाचताना खटकतं, पण चार दिवसांच्या अंतराने वाचल्या की दोन्हीतला सल एकच आहे हे दिसायला लागतं. तर तुमचं 'सांजशकुन' खुशाल परत करा आणि 'निळासावळा' घेऊन या. आणि एका बैठकीत एकच कथा. जीएंच्या दोन कथा लागोपाठ वाचल्या की दुसरीतलं मरण पहिलीतल्या मरणावर बसतं आणि मग लोक म्हणतात जीए फार निराशावादी. अहो, तुम्ही चार तेरावी एका दिवशी जेवलात!

बाबुराव बागूलांचंही अंतर ठेवूनच वाचा, पण कारण वेगळं. 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 ला आलं. त्या कथांत गोंधळ वगैरे होत नाही, प्रत्येक कथा लख्ख आठवते. पण त्यांची धग अशी आहे की दुसरी लगेच घेतली तर तुम्ही नकळत स्वतःला वाचवत वाचता, वाक्यावरून नजर नुसती सरकते. हे मी कट्ट्यावर खूपदा पाहिलंय, माणूस वाचतोय पण आतून दार लावून घेतलंय.

याच्या उलट शंकर पाटील, द. मा. मिरासदार. यांच्या तीन कथा एका रात्रीत झाल्या तरी काही बिघडत नाही, उलट तिसरीपर्यंत बोलीची लय कानात बसलेली असते. पाटलांची 'धिंड' मनातल्या मनात वाचू नका, घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ही मंडळी आणि माडगूळकर गावोगाव कथाकथन करत हिंडली, त्यांच्या लिहिण्यात ते ऐकवणं मुरलेलं आहे. ऑडिओवर मिळाल्या तर ऑडिओ चालेल. जीए मात्र ऑडिओवर नको, माझं मत. मधेच थांबून मागे जाता आलं पाहिजे.

आणि तिसरा प्रकार लांब कथांचा. गौरी देशपांडेंच्या 'एकेक पान गळावया'त फक्त तीन कथा आहेत, प्रत्येकीला छोट्या कादंबरीसारखंच धरा. भारत सासणे दीर्घकथा लिहितात. जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', ज्याला 2012 चा साहित्य अकादमी मिळाला, त्यातही कथा पसरलेल्या आहेत, गिरणगावातला एक माणूस दुसऱ्याची गोष्ट सांगतो, त्यातून तिसरा फाटा निघतो. अशा कथा लोकलमध्ये तुकड्यातुकड्याने वाचल्या तर धागा सुटतोच. रविवारची दुपार ठेवा.

लोकलचा विषय निघालाच आहे तर हिशोब करू. सव्वा तासाच्या आसपास प्रवास, त्यात गर्दी, चढणं-उतरणं धरून पाऊण तास निवांत वाचन म्हणा. नेहमीच्या छपाईच्या पानाला दीड-दोन मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा पानांची कथा अर्ध्या तासात आरामात होते. तर निघण्याआधी अनुक्रमणिका उघडायची आणि पानं मोजून पंधरा-अठराच्या आतली कथा निवडायची. पहिलीपासूनच वाचायची असं कुठे लिहिलंय? क्रम लेखक-प्रकाशकाने काहीतरी विचार करून लावलेला असतो हे खरं, पण तो पाळायचं बंधन दुसऱ्या वाचनाला ठेवा. कथा कुर्ल्याला अर्धी सोडून संध्याकाळी पुढे वाचली तर अर्धी कथा मेलीच समजा. कादंबरी हे सोसते, कथा सोसत नाही, कारण तिचा सगळा डाव पहिल्या पानावरची एखादी बारीक गोष्ट शेवटच्या पानापर्यंत डोक्यात राहण्यावर असतो.

आणि संध्याकाळी परतताना दुसरी कथा सुरू करू नका. सकाळचीच कथा काढा आणि तिची फक्त पहिली दोन पानं पुन्हा वाचा. एवढी एकच गोष्ट केलीत तरी पुरे, बाकी माझं सगळं उत्तर विसरलात तरी चालेल. शेवट माहीत असताना पहिली दोन पानं वाचली की लेखकाने काय कुठे ठेवलं होतं ते दिसतं, आणि जे दिसतं ते विसरत नाही. लक्षात राहत नाही ही जी तुमची तक्रार आहे तिचं यापेक्षा सोपं औषध मला सापडलेलं नाही.

उदाहरण घेऊ. माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' 1949 चं पुस्तक, त्यातला धर्मा रामोशी. व्यक्तिचित्र म्हणा, कथा म्हणा, मला तो वाद घालायचा नाही. धर्माच्या अंगावर धड कपडा नाही म्हणून निवेदक त्याला आपलं एक धोतर देतो. मग काही दिवसांनी बघतो तर धर्मा तसाच, त्याच चिंध्यांत. आणि ते धोतर नेसलीये त्याची मुलगी, जी इतके दिवस नेसायला काही नाही म्हणून घराबाहेरच पडत नव्हती. बास. माडगूळकर यावर भाष्य करत नाहीत, निवेदक डोळे पुसत नाही. पहिल्या वाचनात आपल्याला मुलीचं धक्क्यासारखं कळतं. पण हे कळल्यावर सुरुवातीची पानं परत वाचा, तिथे मुलगी कुठे आहे ते शोधा, ती दिसत का नाही हे तेव्हा आपल्याला का खटकलं नाही ते बघा. आपण गरिबी बघत होतो पुरुषाच्या अंगावर, आणि तिची खरी झळ बसत होती बंद दारामागे. आमच्या कट्ट्यावर हे वाचलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, धोतर देणाऱ्यालाही ती आठवली नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. मला वाटतं त्या कथेवर याच्यापेक्षा नेमकं मी छापील काही वाचलेलं नाही.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येतो, लिहायचं कसं. त्या बाईंनी कथानक सांगितलं नाही. धोतर हा शब्द घेतला आणि स्वतःला काय दिसलं नाही ते सांगितलं. वाचकाचा अभिप्राय म्हणजे एवढंच असतं, मी कुठे थांबलो आणि तिथेच का थांबलो.

तर लिहिताना सगळ्या कथा घेऊ नका. बारा कथा, प्रत्येकीला चार ओळी, असं लिहिलं की ते अनुक्रमणिकेचं लांबवलेलं रूप होतं, वाचणारा तिसऱ्या परिच्छेदात सोडून देतो. पुस्तक संपल्यावर आठ दिवस ते बाजूला ठेवा. मग पुस्तक न उघडता कागदावर लिहा काय काय आठवतंय. नावं नाही आठवणार, चालेल. एखादा अंगणातला पाट आठवेल, एखाद्याचं एक वाक्य. जे आठवलं त्यातल्या दोन कथांवर लिहा, भरपूर लिहा. तिसरी अशी घ्या जी जमली नाही आणि का जमली नाही ते सांगा. उरलेल्यांचा एका वाक्यात उल्लेख, किंवा तोही नको.

आणि कृपा करून सरासरी काढू नका. 'बारापैकी पाच चांगल्या, चार ठीक, तीन नसत्या तरी चाललं असतं, एकंदरीत तीन तारे' हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. तुमच्या आयुष्यात त्यातली एक कथा उरली तर तो संग्रह मोठा आहे. उलट सगळ्या कथा नीटनेटक्या, एकही फसलेली नाही, आणि महिन्याभराने एकही आठवत नाही असे संग्रह मी ढिगाने पाहिलेत, दर दिवाळीनंतर येतात.

न पटलेलं लिहायला लोक बिचकतात, विशेषतः मोठ्या लेखकाबद्दल. त्यासाठी एक किस्सा. कट्ट्यावर अण्णा भाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' घेतली होती. (शेवट सांगतेय, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा.) खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा मुंबईच्या उपनगरात मसणवट्यात प्रेतांच्या राखेत सोनं शोधून कुटुंब जगवतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, ती कापावी लागतात, आणि नेमकी तेव्हाच बातमी येते की खाणीचं काम पुन्हा सुरू झालं. एक निवृत्त मास्तर म्हणाले हा शेवट जुळवून आणल्यासारखा वाटतो, नेमकं त्याच दिवशी कसं? खोलीत एकदम शांतता. मग रोजंदारीवर राबलेले एक सभासद बोलले, बोटं गेल्यावरच काम निघतं हो, आमच्याकडे असंच व्हायचं, मजुराला जे मिळतं ते उशिरानेच. मास्तरांचं समाधान झालं नाही, आजही नाही. पण त्या संध्याकाळी दोघांनी मिळून कथेबद्दल जे उभं केलं ते एकट्या कौतुकाने झालं नसतं. मी मास्तरांच्या बाजूची आहे थोडी, पण जबड्यात अडकलेल्या बोटांचा तो प्रसंग ज्या ताकदीने लिहिलाय त्यापुढे शेवटाचा जुळवाजुळवीपणा मला माफ करावासा वाटतो. असं लिहा की. 'हे खटकलं, तरीही हे उरलं' असं लिहिण्यात लेखकाचा अपमान होत नाही.

शेवट फोडायचा की नाही हाही प्रश्न येतोच. रत्नाकर मतकरी किंवा नारायण धारपांची गूढ-भयकथा असेल तर फोडू नका, तिथे वाचकाची मजाच त्यावर आहे. बाकी ठिकाणी मी बिनधास्त सांगते, पण आधी इशारा देऊन. जी कथा शेवट कळल्यावर पडते ती पहिल्यांदाही फार उंच उभी नव्हती.

शब्दांबद्दल थोडं. 'अंतर्मुख करणारी', 'काळजाला हात घालणारी', 'समाजमनाचा आरसा', 'वाचकाला खिळवून ठेवणारी', हे सगळं पाठराखणीवर आधीच छापलेलं असतं, आपण परत लिहून काय मिळवतो? मी कट्ट्यावर एक साधा उपाय करते, असा शब्द लिहिला की विचारायचं कुठल्या पानावर. पान सापडलं तर ते पानच सांगा, शब्द खोडा. पान नाही सापडलं तर मुळात ते वाटलेलंच नव्हतं.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घ्या: एका वेळी एक कथा, लांबी बघून निवडलेली, मग तिची पहिली दोन पानं परत, पुस्तक संपल्यावर आठवडाभर विश्रांती, आणि लिहिताना दोन कथा मनापासून. यातलं तंतोतंत पाळायला पाहिजे असं नाही. घरी लहान मूल असेल, नोकरीची धावपळ असेल, तर आठवड्याला एक कथाही खूप झाली. वाचनालयाचं पुस्तक असेल तर पंधरा दिवसांत बदलायची घाई असते हे मान्य, म्हणून तर म्हणते संग्रह विकत घ्यावेत आणि कादंबऱ्या वाचनालयातून आणाव्यात, लोक नेमकं उलटं करतात. विकत घेणं दरवेळी परवडत नाही तेव्हा त्यातल्या चारच कथा वाचून परत करा आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांसाठी पुन्हा न्या. आमच्याकडे दोन-तीन सभासद असं करतात, काउंटरवरचा मुलगा हसतो, हसू द्या.

नव्या संग्रहांचंही विचारलं होतंत. कथेला आता कोणी विचारत नाही असं जे म्हणतात त्यांना एवढंच सांगते की पवारांच्या 2012 नंतर 2016 चा साहित्य अकादमी आसाराम लोमटेंच्या 'आलोक'ला आणि 2021 चा किरण गुरवांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला मिळाला, तिन्ही कथासंग्रहच. लोमटे परभणीकडचे, पेशाने पत्रकार, गावातलं राजकारण आणि शेतीची कोंडी त्यांच्याकडे बातमीसारखी येत नाही, माणसांच्या रोजच्या उठण्याबसण्यातून येते, आणि कथा घाईत नसतात, तेव्हा लोकलपेक्षा घरीच. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या मुलाची घालमेल कोणी अनुभवली असेल त्याला गुरव जवळचे वाटतील. मेघना पेठेंचं 'हंस अकेला' जुनं झालं आता, 1997 चं, पण मुंबईत एकट्या राहणाऱ्या बाईबद्दल इतक्या धीटपणे फार कमी लिहिलं गेलंय, तुम्ही लोकलमधल्या वाचक आहात म्हणून मुद्दाम सुचवते.

एक राहिलं. प्रस्तावना शेवटी वाचा. आपल्याकडे प्रस्तावनाकार वीस-वीस पानं लिहितात, प्रत्येक कथेचा अर्थ आधीच लावून देतात, आणि मग आपल्याला जे दिसतं ते आपलं की त्यांचं हे कळेनासं होतं. कथा वाचून, आठवडा थांबून, आपलं टिपण लिहून झालं की मग प्रस्तावना काढा आणि त्यांच्याशी भांडा. 'निळासावळा' वाचून झालं की कुठल्या दोन कथा उरल्या ते इथेच लिहा, मी बघेन.